खेळाडू न्या, पण कागदावर न्या

२०२५ च्या एप्रिलमध्ये यशस्वी जयस्वालनं गोव्याकडून खेळायचं म्हणून मुंबई क्रिकेट असोसिएशनकडे एनओसी मागितली आणि पुढच्याच महिन्यात ती मागणी मागेही घेतली. त्याच वर्षी पृथ्वी शॉ मुंबई सोडून महाराष्ट्राच्या संघात गेला. अर्जुन तेंडुलकर तर २०२२ लाच गोव्याला गेला होता. तिन्ही वेळी आपल्याकडे चहाच्या टपरीपासून लोकलच्या डब्यापर्यंत भरपूर चर्चा झाली. कोण बरोबर, कोण चूक हा मुद्दा सोडा. मला त्यात एकच गोष्ट महत्त्वाची वाटली. अर्ज होता, एनओसी होती, तारीख होती. म्हणजे सगळं कागदावर होतं.

आता आपल्या भागात बघा. शिरवणे, जुईनगर, नेरूळ, सानपाडा, वाशी इथली पोरं ज्या कॉलेजांत जातात, तिथे दर जून-जुलैला खेळाडूंची अशीच ने-आण होते. एका कॉलेजची चांगली कबड्डीपटू दुसऱ्या वर्षाला दुसऱ्याच कॉलेजच्या जर्सीत दिसते. व्हॉलीबॉलचा पोरगा जातो, सॉफ्टबॉलची पिचर जाते. याची बातमी होत नाही, त्याचं मला फार वाईट वाटत नाही. पण याचा कागदही होत नाही, आणि ते मात्र वाईट आहे.

आज सॉफ्टबॉलवर लिहितोय. कबड्डी सोडून सॉफ्टबॉल का, असं आपले गाववाले विचारतील. कारण आयता खेळाडू घेण्यातला फायदा आणि धोका या खेळात सगळ्यात स्पष्ट दिसतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बेसबॉलचा हा धाकटा भाऊ १८८७ मध्ये अमेरिकेत शिकागोला जन्मला. नऊ-नऊ खेळाडू, सात इनिंग, दोन बेसमधलं अंतर ६० फूट. पिचर खालून हात फिरवून चेंडू टाकते. महिलांच्या खेळात पिचर आणि बॅटरमधलं अंतर ४३ फूट असतं. क्रिकेटची खेळपट्टी ६६ फुटांची, म्हणजे हे अंतर तिच्या साधारण दोन तृतीयांश. ताशी १०० किलोमीटरचा चेंडू इथे अर्ध्या सेकंदाच्या आत बॅटरपाशी पोहोचतो. ऑलिंपिकमध्ये हा खेळ १९९६ ते २००८ होता, मग काढला, टोकियोला परत आला आणि २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये पुन्हा आहे. आपल्या राज्यात तो शालेय स्पर्धांमध्ये आहे, विद्यापीठ स्पर्धांमध्ये आहे, आणि सॉफ्टबॉलच्या खेळाडूंना शिवछत्रपती पुरस्कारही मिळालेले आहेत. जळगाव, अमरावतीकडे या खेळाला जितका मान आहे तितका आपल्या खाडीच्या बाजूला नाही, हे खरं. पण मुली खेळतात, आणि चांगल्या खेळतात.

आता मुद्दा. कबड्डीत एक चढाईबहाद्दर आणला म्हणून संघ जिंकतोच असं नाही, मागे पकड करणारे सहा जण लागतात. सॉफ्टबॉलमध्ये चांगली पिचर आली की अर्धा सामना तिच्या हातात. समोरची बॅटरच आऊट होत राहिली तर बाकीच्यांना धावावंही लागत नाही. त्यामुळे ज्या कॉलेजला दोन-तीन वर्षं मेहनत न करता यंदाच ट्रॉफी हवी, त्यांची नजर दुसऱ्या कॉलेजच्या पिचरवर जाते. सोपं गणित आहे.

हे गणित अमेरिकेत कुठपर्यंत गेलंय ते सांगतो. तिथे कॉलेज खेळांची एनसीएए नावाची संघटना आहे. २०१८ मध्ये त्यांनी ट्रान्सफर पोर्टल सुरू केलं. ज्या खेळाडूला कॉलेज बदलायचंय त्यानं ठरलेल्या मुदतीत नाव नोंदवायचं, मग बाकीची कॉलेजं त्याच्याशी उघडपणे बोलू शकतात. २०२४ पासून तर अभ्यासात पात्र असेल तर खेळाडू कितीही वेळा कॉलेज बदलू शकतो, एक वर्ष बाहेर बसायची अट गेली. त्याच वर्षी निजारी कॅनडी नावाची पिचर स्टॅनफर्ड सोडून टेक्सस टेकला गेली. एका वर्षाचा करार साडेदहा लाख डॉलरचा. आपल्या हिशोबात पावणेनऊ कोटींच्या आसपास! प्रो कबड्डीत पवन सेहरावतला २०२३ मध्ये दोन कोटी साठ लाखांची बोली लागली तेव्हा आपण तोंडात बोट घातलं होतं. ही तर कॉलेजची विद्यार्थिनी.

फायदा झाला का? झाला. २०२५ मध्ये टेक्सस टेक महिला कॉलेज विश्वमालिकेच्या अंतिम फेरीत गेलं. तिथपर्यंत जवळजवळ सगळी पिचिंग तिनं एकटीनं केली. तीन सामन्यांची फायनल एक-एक अशी बरोबरीत आली. शेवटच्या सामन्यात पहिल्याच इनिंगमध्ये तिच्यावर पाच रन झाले आणि तिला बाहेर काढावं लागलं. टेक्सस विद्यापीठानं तो सामना १०-४ असा जिंकला. पोरगी वाईट खेळली असं मी म्हणणार नाही. थकलेल्या एका हातावर किती ओझं टाकायचं, याचं उत्तर त्या सामन्यात मिळालं. आयती पिचर आणणं सोपं, दुसरी तयार करणं कठीण. हे कोट्यवधी खर्च करणाऱ्यांनाही चुकलं नाही.

आपल्याकडे कोटी नाहीत. आपल्याकडे काय असतं? फी माफी, ट्रॅकसूट, बूट, ग्लव्ह, हजेरीची सवलत आणि "पुढचं बघू" हा शब्द. घेणाऱ्याचा फायदा मात्र मोठा असतो. विद्यापीठाच्या स्पर्धेतला चषक माहितीपत्रकावर छापता येतो. वर विद्यापीठांचीही आपसात शर्यत आहे. भारतीय विद्यापीठ संघाच्या स्पर्धांमधल्या कामगिरीवर मौलाना अबुल कलाम आझाद करंडक मिळतो. अमृतसरच्या गुरु नानक देव विद्यापीठानं तो अनेकदा नेला, आणि २०२४ चा चंदीगड युनिव्हर्सिटी या खासगी विद्यापीठाला मिळाला. खासगी विद्यापीठं या मैदानात उतरली की चांगल्या खेळाडूला मागणी वाढणार. वाढू दे की. मागणी वाढली तर खेळाडूचा फायदा व्हायला हवा.

तो होतो का?

गेली अनेक वर्षं स्थानिक खेळांच्या बातम्या देतोय, त्यातला एक प्रसंग सांगतो. मुलीचं नाव, कॉलेजचं नाव लिहीत नाही, कारण तिचं शिक्षण अजून चालू आहे. वडील एमआयडीसीतल्या एका कंपनीत कंत्राटी कामाला. पोरगी शाळेपासून सॉफ्टबॉल खेळणारी, पिचर. पहिल्या वर्षी एका कॉलेजकडून चांगली खेळली. दुसऱ्या वर्षी दुसऱ्या कॉलेजनं बोलावलं. फी लागणार नाही असं सांगितलं. जुन्या कॉलेजचा दाखला काढला, नव्यात प्रवेश घेतला. त्या मोसमात चार दिवसांत पाच सामने टाकले तिनं. खांदा दुखायला लागला तरी बर्फ लावून टाकत राहिली, कारण दुसरी पिचरच नव्हती. तिसऱ्या वर्षी खांद्यानं साथ सोडली. ती संघात नाही म्हटल्यावर ऑफिसमधून निरोप आला, दोन्ही वर्षांची फी भरा, मग परीक्षेचा फॉर्म.

वडील माझ्याकडे आले. बोलले, "दादा, सर तेव्हा बोलले होते, फीचं टेन्शन घेऊ नका."

मी विचारलं, "काही लिहून दिलंय का?"

"नाय ना दादा. सरांचा शब्द होता."

ते सर तोपर्यंत दुसरीकडे गेले होते. तेही कंत्राटावरच! ऑफिसचं म्हणणं, आमच्या रेकॉर्डला फी माफीची नोंद नाही. आणि खरंच नव्हती. शेवटी नातेवाइकांकडून उसने घेऊन फी भरली. खांद्याच्या उपचाराचा खर्च वेगळा, तो तर कुणी विचारलाही नाही.

यात कुणी खलनायक शोधू नका. सरांनी बहुतेक मनापासून सांगितलं असेल. ऑफिसच्या क्लार्कनं नियमानं विचारलं. पोरगी मनापासून खेळली. तरी नुकसान एकाच घराचं झालं, कारण शब्द एकाचा, पैसे दुसऱ्याच्या हातात आणि कागद कुणाकडेच नाही.

आपल्या गावांना हे समजावून सांगायला नको. सिडकोनं जमिनी घेतल्या तेव्हा आपल्या वाडवडिलांना काय काय सांगितलं गेलं आणि त्यातलं किती मिळालं, हे घराघरात माहीत आहे. दि. बा. पाटील साहेबांच्या मागे लोक उभे राहिले, १९८४ च्या आंदोलनात पाच जणांनी जीव दिला, तेव्हा कुठे साडेबारा टक्क्यांचा हक्क कागदावर आला. जमिनीच्या बाबतीत शब्दावर विसंबायचं नाही हे आपण शिकलो. मग त्याच घरातली पोरगी खेळाच्या जोरावर कॉलेज बदलते तेव्हा आपण एक ओळ लिहून का मागत नाही?

आणखी गंमत सांगतो. आपल्या आगरी-कोळी गावांत टेनिस क्रिकेटच्या स्पर्धा होतात. तिथे बाहेरचा खेळाडू किती चालणार, गावचा कोण धरायचा, हे आधी ठरतं. कित्येक ठिकाणी आधार कार्ड बघूनच पोराला मैदानात सोडतात. वाद झाला तर कमिटी बसते. गावच्या मंडळाला जे जमतं ते कॉलेजच्या जिमखान्याला जमू नये?

आता खेळाडू पारखायचा कसा, यावर बोलू. कारण गडबड तिथूनच सुरू होते. आपल्याकडे पारख म्हणजे प्रमाणपत्रांची फाईल. "नॅशनल खेळलीय का?" हा पहिला प्रश्न आणि बहुतेक वेळा शेवटचा. पण संघाला सुवर्णपदक मिळालं म्हणजे ही मुलगी मैदानात उतरली होती की बाकावर बसली होती, हे प्रमाणपत्र सांगत नाही. वर बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणं आपल्या राज्यात उघडकीला आलेली आहेत, म्हणून तर नोकरीच्या वेळी प्रमाणपत्रांची पडताळणी करावी लागते. तेव्हा फाईल बाजूला ठेवा आणि हे बघा:

१) स्कोअरशीट मागा. सॉफ्टबॉलमध्ये प्रत्येक चेंडूची नोंद ठेवता येते. पिचर असेल तर किती इनिंग टाकल्या, किती स्ट्राइकआऊट, किती बॅटरना फुकट बेस दिला. बॅटर असेल तर किती वेळा बेसवर पोहोचली. आणि समोर कोण होतं तेही. दुबळ्या संघाविरुद्धचे दहा स्ट्राइकआऊट आणि तगड्या संघाविरुद्धचे चार यांत मला दुसरे जास्त मोलाचे वाटतात.

२) एका ट्रायलवर ठरवू नका. त्या दिवशी ताप असेल, पाळी असेल, रात्रीचा प्रवास असेल. निदान दोन वेगळ्या दिवशी बघा, त्यातला एक दिवस प्रत्यक्ष सामन्यातला असू द्या. चूक झाल्यावर पुढच्या चेंडूला ती काय करते, हे नेटमध्ये कळत नाही.

३) खांदा, पाठ, गुडघा डॉक्टरकडून तपासून घ्या. खालून टाकतात म्हणून खांद्याला त्रास होत नाही, हा समज चुकीचा आहे. ही तपासणी मुलीला नाकारण्यासाठी वापरू नका. तिच्याकडून किती टाकून घ्यायचं ते ठरवण्यासाठी वापरा.

४) जुन्या सरांशी बोला. चोरून नाही, तिला सांगून. ती का सोडतेय हे विचारा. कधी घर दूर असतं, कधी तिथे संघच बंद झालेला असतो, कधी तिथे तिला त्रास झालेला असतो. कारण कळलं नाही तर तेच कारण उद्या तुमच्याकडेही उभं राहील.

५) तिचा अभ्यास बघा. किती विषय राहिलेत, कोणत्या शाखेत बसेल, सरावाची वेळ आणि प्रॅक्टिकलची वेळ जुळते का. एका शैक्षणिक वर्षात दोन विद्यापीठांकडून खेळता येत नाही, हेही आधी तपासा. प्रवेश झाल्यावर पात्रता गेली तर तिचं अख्खं वर्ष वाया जातं.

६) आणि सगळ्यात महत्त्वाचं, आपल्या संघाकडे बघा. जी मुलगी दोन वर्षं सकाळी सहाला मैदानावर येतेय, तिच्या जागी ही येणार आहे का? मग तिला आधी समोर बसवून सांगा. यादी लागल्यावर तिला कळू देऊ नका. पिचर आणली तरी आपल्यातली एक मुलगी तिच्या हाताखाली तयार करा. नाहीतर टेक्सस टेकसारखी पाळी येते, आणि आपल्याकडे तर त्यांच्यासारखे फिजिओही नाहीत.

पारख झाली, घ्यायचं ठरलं. आता कागद. फार मोठा करार नको, वकील नको. कॉलेजच्या लेटरहेडवर एक पान पुरे. त्यात एवढंच लिहा: कोणती फी माफ, किती वर्षं माफ. खेळताना दुखापत झाली तर उपचार कोण करणार, आणि दुखापतीमुळे खेळता आलं नाही तरी फी माफी चालू राहणार. स्पर्धेमुळे बुडालेली प्रॅक्टिकल आणि परीक्षा यांचं काय करणार. तिला उद्या जायचं असेल तर दाखला अडवणार नाही. खाली प्राचार्यांची सही, शिक्का, आवक-जावक नंबर. सही सरांची नको, प्राचार्यांची हवी. सर बदलतात, कॉलेज तिथेच राहतं.

यावर दोन आक्षेप येतात, दोन्ही मी ऐकलेत.

पहिला क्रीडा शिक्षकांचा. "आम्ही शाळेपासून घडवायचं आणि मोठ्या कॉलेजनं आयतं न्यायचं?" हे दुखणं खरं आहे. ज्या सरांनी स्वतःच्या खिशातून चेंडू आणले त्यांना काय मिळतं? पण त्यावर उपाय मुलीचा दाखला अडवणं हा नाही. फुटबॉलमध्ये फिफाचा नियम आहे, करार चालू असताना खेळाडू दुसऱ्या क्लबला विकला गेला तर त्या रकमेतले पाच टक्के, त्याला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटायचे. आपल्याकडे रक्कम नाही, पण मान देता येतो. खेळाडू बक्षीस घेते तेव्हा तिच्या पहिल्या शाळेचं आणि सरांचं नाव व्यासपीठावरून घ्या. जुन्या कॉलेजला चार नवे ग्लव्ह, एक डझन चेंडू द्या. याला किती खर्च येतो? एका फ्लेक्सएवढा.

दुसरा आक्षेप कॉलेज चालवणाऱ्यांचा. "लिहून दिलं आणि मुलगी सरावालाच आली नाही तर?" बरोबर आहे, मग तेही लिहा. आठवड्याला किती दिवस सराव, किती स्पर्धा, पासिंगची अट. कागद दोघांनाही बांधतो. आज मात्र फक्त मुलगी बांधलेली आहे.

आणि पालकांनो, तुम्हालाही सांगतो. आपल्या डोक्यात सरकारी नोकरीतलं पाच टक्के खेळाडू आरक्षण असतं. असावं. पण कोणत्या स्पर्धेचं, कितव्या क्रमांकाचं प्रमाणपत्र कोणत्या पदाला चालतं, हे शासन निर्णयात लिहिलेलं असतं. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन विचारा. "इथे आली की नोकरी पक्की" असं कुणी सांगितलं तर त्यांना हेच वाक्य लिहून मागा. लगेच कळेल.

माझी मागणी छोटी आहे. नवी मुंबईतल्या कॉलेजांच्या जिमखान्यांनी या प्रवेशापासून खेळाडूसाठी हे एक पान सुरू करावं. विद्यापीठानं पात्रता अर्जासोबत त्याची प्रत मागावी, म्हणजे ते आपोआप सगळीकडे लागू होईल. आणि आपल्या नगरसेवकांनी, मंडळांनी सत्काराच्या शाली वाटताना त्या मुलीला हळूच एक विचारावं, "बाळा, फी माफीचा कागद आहे ना तुझ्याकडे?"

खेळाडूनं कॉलेज बदलावं. चांगला कोच, चांगलं मैदान, घराजवळचं कॉलेज मिळत असेल तर जरूर बदलावं, त्यात गद्दारी वगैरे काही नाही. १९ वर्षांच्या पोरीकडून निष्ठा मागणाऱ्यांनी आधी स्वतःच्या शब्दाखाली सही करावी.

तुमच्या घरात, वाडीत कुणी खेळाडू यंदा कॉलेज बदलणार असेल तर ही पोस्ट त्यांना दाखवा. प्रवेशाची फाईल आत देण्याआधी दाखवा, नंतर उपयोग नाही. आणि जे क्रीडा शिक्षक असा कागद आधीपासून देत असतील त्यांनी खाली लिहा, त्या कॉलेजचं नाव मी आनंदानं छापेन.